हात सिस्टरचा, निर्णय दुसऱ्याचा

आजींचं वय सत्तरच्या आसपास. आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, बोटांच्या टोकांना तंबाखूचा पिवळट रंग कायमचा बसलेला. गालाच्या आत एक जखम होती, काही केल्या भरत नव्हती. तुकडा तपासायला पाठवला होता. रिपोर्ट आला, कॅन्सर. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन मराठीत सगळं नीट सांगितलं. मुलगा खाटेपाशी आला आणि आईला तेलुगूत म्हणाला, "चिन्न गड्ड, तीसेस्तारु." छोटी गाठ आहे, काढून टाकतील.

मी शेजारच्या खाटेची सलाईन बदलत होते. माझं बालपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं, घरात मराठी आणि गल्लीत तेलुगू. मला तेलुगू कळतं हे त्या मुलाला माहीत नव्हतं. आजींना मात्र कळलं होतं. दिवसा मी कुणाशी तरी बोलताना त्यांनी ऐकलं असणार. रात्री अकराच्या सुमाराला मुलगा चहाला खाली गेला, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "निजं चेप्पु, अम्मा." खरं सांग बाई.

पुढची गोष्ट सांगते, पण आधी दोन खुलासे. मी तीस वर्षं नर्सिंग केलं, खासगीत आणि सरकारीतही, आणि आता निवृत्त आहे. इथे येणाऱ्या माणसांचे तपशील मी बदलले आहेत. पेशंटची ओळख कुणाला कळता कामा नये असं याच लेखात पुढे सांगायचं आणि इथेच ती उघड करायची, हे बरं दिसत नाही.

'नर्सिंगमधले नैतिक प्रश्न' म्हटलं की लोकांना वाटतं, कुणी इंजेक्शनची बाटली चोरली असेल, कुणी पैसे घेतले असतील, कुणी पेशंटवर खेकसलं असेल. हे सगळं घडतं. पण त्यात पेच काही नाही, ते सरळ चूक आहे आणि करणाऱ्यालाही ते माहीत असतं. पेच म्हणजे दोन बरोबर गोष्टी एकाच वेळी समोर येतात आणि दोन्ही करता येत नाहीत. आजींना खरं कळायला हवं, हे बरोबर. निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम, सिस्टरने रात्री अकरा वाजता परस्पर ते करू नये, हेही बरोबर. आता मनगट सोडवून घ्यायचं कसं?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला चार शब्द पाठ करून घेतात: स्वायत्तता, हितकारिता, अहितवर्जन आणि न्याय. परीक्षेत त्याचे मार्क मिळतात. वॉर्डातल्या भाषेत सांगायचं तर, पेशंटच्या शरीराचं काय करायचं ते पेशंटने ठरवायचं. त्याचं भलं होईल ते करायचं. अपाय होईल ते करायचं नाही. आणि चाळीस पेशंटमध्ये दोन हात वाटून द्यायचे असतील, तर नगरसेवकाच्या मेहुण्याला जास्त माप द्यायचं नाही. चारही एकाच दिशेने ओढत असतील तर कुणालाच काही प्रश्न नसतो. बहुतेक दिवस तसेच जातात.

डॉक्टरांनाही हेच चार शब्द लागू आहेत. मग नर्सचं वेगळं काय? वेगळं एवढंच की निर्णय डॉक्टरांचा असतो, पैसे नातेवाईकांचे असतात, शरीर पेशंटचं असतं आणि सुई मात्र सिस्टरच्या हातात असते. डॉक्टर राऊंडला येऊन पाच मिनिटांत पुढे जातात. सिस्टर आठ तास तिथेच असते. पेशंट रडतो ते तिच्यासमोर, शुद्धीवर येतो तोही तिच्यासमोर. तिला सगळं माहीत असतं, ठरवता मात्र जवळजवळ काहीच येत नाही. आपल्या सोलापूरला, युद्धाच्या काळात चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस माहीत आहेत, त्यांचा जन्म इथला, १९१० सालचा. चीनमध्ये त्यांनी जिच्याशी लग्न केलं ती ग्वो छिंगलान परिचारिका होती, हे किती सोलापूरकरांना ठाऊक आहे? असो.

आजींकडे परत येते. मुलगा वाईट नव्हता. आईने धसका घेतला तर, हीच त्याची भीती होती. आपल्याकडे निदान आधी मुलाला कळतं, मग जावयाला, मग चुलत्याला, आणि ज्याला आजार आहे त्याला सगळ्यांत शेवटी, तेही गाळून-चाळून. "आईला सांगू नका की सिस्टर" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. त्यामागे प्रेम असतं. पण त्या प्रेमाचा हिशेब कुणी मांडत नाही. पेशंटला बहुधा अंदाज आलेलाच असतो. रेडिएशनच्या रांगेत बसवल्यावर शेजारचा माणूस कशासाठी आलाय हे न कळण्याइतकं कुणी भोळं नसतं. मग आई मुलाला त्रास नको म्हणून गप्प राहते, मुलगा आईला त्रास नको म्हणून गप्प राहतो आणि दोघांचा एकमेकांशी बोलायचा वेळ निघून जातो. पाटल्या कुणाला द्यायच्या, धाकट्याचं लग्न लवकर उरकायचं का, सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याची यात्रा यंदा बघायची का, या गोष्टी माणसाला ठरवायच्या असतात. त्यासाठी आपल्या हाताशी किती वेळ आहे हे ठाऊक असावं लागतं.

मग मी सांगून टाकायला हवं होतं का? नाही, आणि का नाही ते नीट समजून घेण्यासारखं आहे. आजार किती पसरलाय, ऑपरेशन होण्यासारखं आहे का, हे मला त्या रात्री माहीत नव्हतं. मी 'हो' म्हटलं असतं तर त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला असता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अर्धं सत्य सांगून पेशंटला रात्रभर छताकडे बघत ठेवणं ही काही सेवा झाली नाही. पण "काही नाही हो आजी, साधी गाठ आहे" असं म्हणणंही शक्य नव्हतं. एकदा खोटं बोललेल्या सिस्टरचं नंतरचं "दुखणार नाही" हे कुणी खरं मानत नाही.

मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतंय?" त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हटलं, "सकाळी डॉक्टर येतील, त्यांना हेच विचारा. मी शेजारी उभी राहीन, तेलुगूत सांगीन." यात थोडी पळवाट होती, ते मलाही कळत होतं आणि बहुतेक त्यांनाही. त्यांनी मनगट सोडलं.

सकाळी राऊंडला डॉक्टर, मागे विद्यार्थ्यांचा घोळका आणि उशाशी मुलगा. आजींनी काहीच विचारलं नाही. फक्त माझ्याकडे बघितलं. नंतर टेबलापाशी मी डॉक्टरांना सांगितलं की पेशंटला जाणून घ्यायचंय. ते म्हणाले, "नातेवाईकांची इच्छा नाही, सिस्टर." विषय संपला. तिसऱ्या दिवशी एका हाऊसमन पोराने, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टराने, जे केलं ते मला कुठल्याच लेक्चरला कुणी शिकवलं नव्हतं. तो स्टूल ओढून बसला आणि मला म्हणाला, त्यांना विचारा: तुमच्या आजाराचं सगळं तुम्हाला सांगू, की मुलालाच सांगत जाऊ? मी विचारलं. आजी म्हणाल्या, "इद्दरिकी." दोघांनाही.

किती सांगायचं हे पेशंटलाच विचारायचं, एवढंच. काही जण म्हणतात, मला नको, पोरगा बघेल. तोही त्यांचाच निर्णय आहे, तोही पाळायचा. नातेवाईकांशीही भांडायचं नसतं. "तुम्ही म्हणता तसं मी आपणहून काही सांगणार नाही, पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही," असं आधीच सांगून ठेवलं की बरीच माणसं समजून घेतात.

भाषेचा मुद्दा सोलापुरात वेगळा काढावाच लागतो. पूर्व भागातून तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून कन्नड, शहरात उर्दू. डॉक्टर लातूरचे किंवा नागपूरचे. मध्ये दुभाषा कोण? बरोबर आलेला नातेवाईक, नाहीतर वॉर्डातला मामा, नाहीतर झाडू बाजूला ठेवून आलेली मावशी. कन्नड बोलणाऱ्या एका सुनेला पाळीच्या तक्रारीबद्दल तिच्या सासऱ्यामार्फत विचारलेलं मी बघितलं आहे. तिने मान खाली घालून 'काही नाही' म्हटलं आणि केस पेपरवर 'तक्रार नाही' असं लिहिलं गेलं. कुणी खोटं बोललं नव्हतं, पण कागदावर चढलं ते खोटंच.

आता संमती. "सिस्टर, सही घेऊन ठेवा," असं म्हणून हाऊसमन ऑपरेशन थिएटरकडे पळतो. त्या कागदावर सिस्टर साक्षीदार असते. साक्षीदार म्हणजे, या माणसाने, शुद्धीत, आपल्या मनाने सही केली, याची खात्री. ऑपरेशन काय, धोके काय, दुसरा उपाय आहे का, हे समजावणं करणाऱ्या डॉक्टरांचं काम आहे. प्रत्यक्षात फॉर्मची चळत येते आणि बोटाला शाई लागते. २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा स्पष्ट निकाल दिला. दुर्बिणीतून तपासणीपुरती संमती होती. बाई भुलेखाली असताना डॉक्टरांनी आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे, आणि सज्ञान बाई थोड्या वेळाने शुद्धीवर येणार असताना आईची सही चालणार नाही. जीव वाचवायची घाई असेल तर गोष्ट वेगळी.

तरीही आपल्याकडे सज्ञान बाईला गर्भपातासाठी "नवऱ्याला घेऊन ये" म्हणून परत पाठवतात. १९७१ च्या कायद्यानुसार तिची एकटीची संमती पुरते. हे कायदा वाचलेल्या सिस्टरला माहीत असतं. हॉस्पिटलची रीतही तिला माहीत असते. ती बाई कागद गुंडाळून जिना उतरताना दिसते, तेव्हा सिस्टरने काय करायचं? मी एकदा मागे जाऊन जिन्यात सांगितलं, "तुझी सही पुरते, दुसरीकडे विचार." त्यावर मला बोलणी खावी लागली. दर वेळी एवढं धाडस झालं नाही, हेही लिहायला हवं.

गुप्ततेबद्दल बोलताना लोक फाइली आणि कुलपांची कल्पना करतात. वॉर्डात गुपित फुटतं ते न बोलता. एचआयव्ही असलेल्या पेशंटची खाट अलगद कोपऱ्यात सरकते. केस पेपरवर लाल पेनाने गोल होतो. चहा देणारी मावशी त्याच खाटेपाशी ग्लोव्हज घालते. कुणी अक्षर काढलेलं नसतं आणि संध्याकाळच्या भेटीच्या वेळेपर्यंत अख्ख्या वॉर्डाला कळलेलं असतं. सोलापूर मोठं शहर असलं तरी वॉर्डात ते गावच होतं. समोरच्या खाटेवरच्या बाईची नणंद त्याच चाळीत राहते.

एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पेशंटच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही. पण त्यात एक बारकावा आहे, तो नर्सच्या थेट अंगावर येतो. जोडीदाराला धोका आहे असं वाटलं, पेशंटला समजावून झालं, तरी तो स्वतः सांगणार नाही अशी खात्री पटली आणि 'आता मी सांगणार आहे' हे त्याला कळवलं, तर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. इतर कुणी नाही. म्हणजे सिस्टर नाही. नवरा खाटेवर आणि बायको रोज डबा घेऊन येतेय. सिस्टरशी बहिणीसारखी बोलतेय, "आता दुसऱ्या मुलाचा विचार आहे" म्हणतेय. सिस्टरच्या ओठांवर आलेलं तिथेच गिळायचं. तिने करायचं ते इतकंच: डॉक्टरांना सांगायचं की बायको रोज येते, समुपदेशकाला फोन करून आजच बोलवायचं, उद्यावर ढकलू द्यायचं नाही. हे कमी वाटतं. पण कायद्याने हे काम थोड्यांच्या हातात का ठेवलं, हे एखादं घर मोडलेलं बघितल्यावर कळतं. मोबाइल आल्यापासून आणखी एक भर पडली, वॉर्डातला फोटो. मागच्या खाटेवर कोण आहे ते न बघता ड्यूटीवरचा सेल्फी ग्रुपवर टाकतात. याला पेच वगैरे म्हणायचं कारण नाही, ती निव्वळ बेफिकिरी आहे.

गुप्तता पाळायची, पण एका ठिकाणी कायदा उलट सांगतो. सोळा वर्षांची मुलगी पोटात दुखतंय म्हणून येते, सोनोग्राफीत गर्भ दिसतो. आई पदर पसरते, "पोलिसांत नको हो, लग्न लावून दिलंय आम्ही तिचं." अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दलच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. कळवलं तर ही मुलगी आणि तिच्यासारख्या दहा जणी पुढच्या वेळी हॉस्पिटलऐवजी कुठल्या तरी खोलीत जाऊन जीव गमावतील, ही भीती. न कळवलं तर खरोखर अत्याचार झालेली मुलगीही त्याच पदराआड झाकली जाईल, ही दुसरी भीती. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मधला रस्ता काढला. संमतीच्या संबंधातून आलेली मुलगी आणि तिचे पालक तशी विनंती करत असतील, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव देण्याची गरज नाही. हे अजून अनेक वॉर्डांपर्यंत पोहोचलेलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता मला ज्याबद्दल सगळ्यांत जास्त बोलायचंय ते. वर सांगितलेल्या पेचांत निदान विचार तरी करायचा असतो. याच्यात काय करायचं ते पक्कं माहीत असतं आणि तरी करता येत नाही.

नाइटची ड्यूटी, मेडिसिनचा वॉर्ड. खाटा चाळीस, पेशंट त्याहून जास्त, उरलेले खाली गाद्यांवर. आम्ही दोघी, त्यातली एक विद्यार्थिनी. लकवा झालेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाहीतर पाठीला जखम होते, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक असतं. एका माणसाला कुशीवर वळवायला दोन माणसं आणि पाच मिनिटं लागतात. असे पेशंट सहा असतील तर एका फेरीलाच अर्धा तास जातो, आणि तेवढ्यात सात नंबरचा दम लागून बसतो, अपघात विभागातून नवीन केस येते, कुणाची सलाईन सुजते. रात्रीतून एकदा वळवणं झालं तर झालं. पहाटे पाचला टीपीआरचा चार्ट भरायचा असतो: ताप, नाडी, श्वास, बीपी. ज्यांचा बीपी खरंच घेतला त्यांचा लिहायचा. उरलेल्यांचा? कालच्या आकड्याला थोडं मागेपुढे करून १२२/८०, ११८/७८. हे आकडे साच्यातून काढल्यासारखे असतात आणि ते बघितल्यावर कुठल्याही जुन्या सिस्टरला कळतं की हे यंत्राने मोजलेले नाहीत. मी असे आकडे लिहिले आहेत. रिकामी चौकट ठेवली तर "सिस्टर, काम करत नाही का?" आणि खोटा आकडा भरला तर कुणी विचारत नाही. व्यवस्था कशाला बक्षीस देते ते यात दिसतं. पण त्या आकड्यावर विसंबून सकाळी कुणी गोळी वाढवली किंवा कमी केली, तर त्या गोळीवर माझाही हात असतो.

अँड्र्यू जेमटन या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये याला नाव दिलं. त्याचं मराठी 'नैतिक क्लेश' असं करतात. बरोबर काय ते माहीत आहे, पण नियम, वरिष्ठ, माणसांची कमतरता यांच्यामुळे ते करता येत नाही, आणि त्याची टोचणी आत साठत जाते. हा साधा थकवा नाही. थकवा झोपेने जातो. हे घेऊन मुलगी घरी जाते, कडक भाकरीचा तुकडा मोडते आणि 'सोळा नंबरला वळवलं का आपण?' हे आठवून तिचा घास हातातच राहतो. काही वर्षांनी दोनपैकी एक होतं: ती नोकरी सोडते, किंवा तिला सोळा नंबर आठवणं बंद होतं. लोक म्हणतात सरकारी सिस्टर उर्मट असतात. असतात काही. पण त्यातल्या कितीजणी पहिल्या वर्षी रडत घरी जात होत्या, ते आम्ही बघितलेलं असतं.

मग संप करायचा का? मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका खासगी संस्थेमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या होत्या. संपाच्या दिवसांत वॉर्डातल्या पेशंटचे हाल होतात, हे खरंच आहे. संप न करता वर्षानुवर्षं अपुऱ्या माणसांत वॉर्ड रेटला तरी हाल होतातच, फक्त त्यांची बातमी होत नाही. माझं मत संपाच्या बाजूचं आहे, आयसीयू आणि लेबर रूम सोडून. सगळ्या मैत्रिणींचं तसं नव्हतं.

बांधून ठेवण्याबद्दल थोडक्यात. दारू एकदम सुटल्यामुळे बरळणारा पेशंट सलाईन उपटतो, मग पट्टीने त्याचे हात खाटेला बांधतात. कधी ते त्याच्या जिवासाठी गरजेचं असतं, कधी निव्वळ सोयीचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णालयांना बजावलंय की शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून कुणाला बांधता येणार नाही. साध्या वॉर्डातही हीच कसोटी लावावी: आणखी एक माणूस ड्यूटीवर असता तर हे हात बांधले असते का?

शेवटच्या दिवसांचं बोलायचं तर अरुणा शानबाग यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते. मुंबईच्या केईएममधल्या या नर्सवर २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलातच हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली सुमारे ४२ वर्षं केईएमच्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं, पिढ्या बदलल्या तरी. पाठीला जखम झाली नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. वर वळवण्याचा हिशेब वाचलात ना? तो लावून बघा. २००९ मध्ये त्यांना मरू द्यावं असा अर्ज कोर्टात आला, तेव्हा या सिस्टर विरोधात उभ्या राहिल्या आणि २०११ मध्ये कोर्टाने त्यांचं मोल मानून अर्ज नाकारला. त्याच निकालाने, काही अटींवर उपचार थांबवायची वाट मात्र देशाला उघडून दिली. २०१८ मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता 'अशा वेळी माझे उपचार थांबवा' असं आधीच लिहून ठेवायचं इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर नोंदवता येतं, आणि उपचार थांबवायचे असतील तर डॉक्टरांची दोन मंडळं ते ठरवतात.

कागदावर हे झालं. आयसीयूत काय दिसतं? बार्शीकडचं एक कुटुंब होतं, वडील व्हेंटिलेटरवर, आशा नाही हे सगळ्यांना दिसत होतं. थोरल्याने शेताचा तुकडा विकायला काढला होता. तो मला विचारायचा, "सिस्टर, तुम्ही रोज बघता, तुम्ही सांगा, ठेवू का काढू?" या प्रश्नाचं उत्तर सिस्टरने देऊ नये, आणि 'डॉक्टरांना विचारा' एवढं म्हणून वळूही नये. मी त्याला विचारलं, "वडील बोलत होते तेव्हा असल्या आजाराबद्दल कधी काही म्हणाले होते का?" तो खूप वेळाने म्हणाला, "शेजारी एकजण असाच पडून होता, तेव्हा म्हणाले होते, मला असं नका ठेवू." मी म्हटलं, हे डॉक्टरांना सांग, अगदी याच शब्दांत. त्याने सांगितलं. पुढे काय झालं ते त्या घरापुरतं.

राहिली माझी स्वतःची चूक. नोकरीचं दुसरं वर्ष, एक खासगी हॉस्पिटल. शेजारशेजारच्या खोल्यांत एकाच आडनावाच्या दोन बाया. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाच मुद्दे मी झोपेतही म्हणून दाखवले असते. रात्री दहाला पाच नंबरचं अँटिबायोटिक मी सहा नंबरला दिलं. ट्रेमध्ये रिकामी बाटली ठेवताना चिठ्ठीवरचा नंबर वाचला आणि पायांतलं बळ गेलं. सहा नंबरच्या बाईला कसली ॲलर्जी आहे का, तेही मला माहीत नव्हतं. तासभर मी तिच्या दारात उभी होते. काही झालं नाही. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, ते ओरडले, मग म्हणाले लक्ष ठेवा. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "काही झालं नाही ना? मग लिहू नकोस, आणि तिला तर अजिबात सांगू नकोस. उद्या दहा माणसं घेऊन येतील." त्यांची भीती खोटी नव्हती. डॉक्टर-नर्सना मारहाण केल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा देणारा कायदा महाराष्ट्राने २०१० मध्ये केला, तो उगाच नाही. मी लिहिलं नाही. चूक लपवली की पुढची मुलगी त्याच दोन खोल्यांत तीच चूक करते, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी उमगलं. तेव्हा फक्त नोकरी डोळ्यांसमोर होती.

पण डिस्चार्जच्या दिवशी तिची पिशवी भरून देताना माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, त्या रात्री तुम्हाला एक इंजेक्शन गेलं, ते तुमचं नव्हतं. माझ्या हातून चुकलं."

ती म्हणाली, "मला वाटलंच. रोज दोन असायची, त्या रात्री तिसरं आलं."

"मग बोलला का नाही?"

"तुम्हाला कसं विचारायचं?" तिने पिशवीची गाठ मारली. मग जरा थांबून म्हणाली, "त्याचे पैसे लावले नाहीत ना बिलात?"

मी काउंटरवर जाऊन बिल बघितलं. लावले होते.